आखणीची हत्यारे घरी बनवताना: आधी सरळपट्टी, मग चाकू, मग गुण्या, शेवटी गेज

घरी आखणीची हत्यारे बनवायला घेणारे बहुतेक जण सुरुवात मार्किंग गेजपासून (ठोकळ्यातून सरकणारा दांडा आणि त्याच्या टोकाला सुई असलेले, कडेला समांतर रेघ मारायचे हत्यार) करतात. दिसायला ते सगळ्यात आकर्षक असते आणि शिसवाचा एखादा तुकडाही हाताशी असतो. पण गेजचा ठोकळा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे तपासायला खात्रीचा गुण्या (काटकोन आखायचे आणि तपासायचे हत्यार) लागतो. गुण्या तपासायला सरळ कड लागते, आणि दोन्हींवर रेघ मारायला चाकू लागतो. म्हणून क्रम बदलू नका. इथे प्रत्येक हत्यार पुढच्या हत्याराचे मोजमाप ठरते, त्यामुळे मागे राहिलेली चूक पुढे वाढतच जाते.

मापे मिलिमीटरमध्ये दिली आहेत. लाकूड बाजारात इंच-सुताने मिळते, पण एक सूत म्हणजे जवळजवळ ३.२ मिमी. या कामात पाव मिलिमीटरलाही महत्त्व आहे.

## तयारी

लाकूड. जुन्या चौकटीचे किंवा दाराचे सागवान सगळ्यात चांगले. ते वर्षानुवर्षे वाळलेले असते, नवे सागवान घेतले तर ते पुढे हलते. तुकडा निवडताना टोकाकडून पाहा. वाढीची वर्तुळे रुंद बाजूला जवळपास उभी यायला हवीत. आडव्या वर्तुळांची पट्टी पावसाळ्यात पन्हळीसारखी वाकते. गेजचा ठोकळा आणि पाचर यांना शिसव उत्तम. बाभूळ कठीण असते, पण तिचे तंतू उलटसुलट असल्याने रंधताना टवके उडतात. पहिल्याच प्रयत्नाला ती नको.

तुकडे ढोबळ मापाने कापा, प्रत्येक बाजूला ३ मिमी जास्त ठेवा आणि ज्या खोलीत काम करणार तिथे दोन-तीन आठवडे हवा लागेल असे ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये अंतिम मापाला काहीही आणू नका, कोकणात तर नाहीच.

हत्यारे. धार लावलेला रंधा, बारीक दातांची करवत, ६ आणि १२ मिमी पटाशी, ड्रिल, दोन सी-क्लॅम्प, व्हाइस, कानस. शिवाय ३०० × ३०० मिमी काचेचा तुकडा, किमान ५ मिमी जाडीचा. काचवाल्याकडे असा उरलेला तुकडा मिळतो, फक्त कडा घासून घ्या. १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर आणि ४००, ८००, १२०० नंबरचे वॉटर पेपर आणून ठेवा.

काच नेहमी सपाट टेबलावर, खाली वर्तमानपत्राची घडी घालून ठेवा. पातळ काच बोटाच्या दाबानेही लवते, मग तिच्यावर घासलेला पृष्ठभाग मध्ये फुगीर होतो.

## टप्पा १: सरळपट्टीची जोडी

१. ४०० × ४० × १० मिमीच्या दोन पट्ट्या घ्या. एकच केली तर तिची चूक कळायला मार्ग उरत नाही.

२. दोन्ही एकमेकींवर ठेवून क्लॅम्प करा आणि दोन्हींची कड एकदमच रंधा. शेवटचे दोन हात अगदी पातळ ढलपी निघेल इतकेच.

३. क्लॅम्प सोडा आणि पुस्तक उघडावे तशा पट्ट्या उघडून रंधलेल्या कडा एकमेकींना भिडवा. खिडकीकडे धरून पाहा.

मध्ये उजेड दिसला तर दोन्ही कडा मध्ये खोलगट आहेत. टोकांना दिसला तर मध्ये फुगीर आहेत. दिसते ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून केसाएवढी फट दिसली तरी घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. पुन्हा एकत्र बांधून रंधा. खोलगट असेल तर फक्त दोन्ही टोकांकडून काढा.

तपासणी: एक पट्टी दुसरीवर कडेवर उभी ठेवून बोटाने टोकाला हलका धक्का द्या. मधोमधच्या बिंदूवर भिंगरीसारखी फिरली तर मध्ये उंचवटा आहे. टोकांवर घासत, अडखळत फिरली तर ती बसलेली आहे.

सरळ केलेल्या कडेवर पेन्सिलीने खूण करा. या पट्ट्या दुसऱ्या कामाला, विशेषतः रंग ढवळायला, वापरू नका.

## टप्पा २: आखणीचा चाकू

पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेला नसते. शिवाय पटाशीचे टोक त्या चिरेत आपोआप बसते.

पोलाद. मशीनवर चालणाऱ्या हॅकसॉचे (लोखंड कापायच्या करवतीचे) जुने पाते शोधा. ते दीड ते दोन मिमी जाड असते आणि भंगारात सहज मिळते. त्यावर ‘एचएसएस’ (हाय-स्पीड स्टील) असा छाप असावा. बायमेटल पाते घेऊ नका, त्यात फक्त दातांची कड कठीण पोलादाची असते आणि पाठ मऊ असते, त्यामुळे चाकूची धार चार रेघांत बसते. हात-हॅकसॉचे पाते जेमतेम ०.६५ मिमी जाड असते. ते लाकडाच्या तंतूंबरोबर वाकते आणि रेघ पट्टीपासून दूर नेते.

१. ११० मिमी लांब, १५ मिमी रुंद तुकडा कापा. एचएसएस हॅकसॉने कापत नाही. ग्राइंडरच्या १ मिमी कटिंग डिस्कने अर्धी जाडी चिरा, जाड कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि मोडा.

सावध: एचएसएस काचेसारखे फुटते. कापड आणि गॉगल दोन्ही हवेत.

२. टोक भाल्यासारखे घासा, दोन्ही बाजूंनी ३० अंश, म्हणजे टोकाचा एकूण कोन ६० अंश. असा चाकू डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या रेघांना चालतो.

३. धारेचा उतार एकाच बाजूला द्या, २५ ते ३० अंश. दुसरी बाजू संपूर्ण सपाट राहिली पाहिजे. दोन्ही बाजूंनी उतार दिलेला चाकू गुण्याला टेकवला की धार गुण्यापासून अर्धा मिलिमीटर लांब जाते, आणि ती किती लांब गेली हे दर वेळी बदलते.

घासताना गरम एचएसएस पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. हवेत थंड होऊ द्या. साध्या कार्बन पोलादाचे उलटे आहे. ते निळे पडू लागले की मऊ झाले समजा, म्हणून दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा.

४. सपाट पाठीचे टोकाकडचे २० मिमी काचेवर ४००, ८००, १२०० वॉटर पेपरवर पाण्याने घासा, आरशासारखी चमक येईपर्यंत. मग उतार घासा. धारेच्या मागे नखाला काटे अडकतात ते पाठ एकदा सपाट फिरवून काढा. पाठ उचलून घासलीत तर पाठीलाही उतार येतो आणि केलेले सगळे वाया जाते.

५. मूठ: १२० × २२ × ८ मिमीच्या दोन पट्ट्या. एकीवर पाते ठेवून त्याच्या भोवतीनेच टोकदार पेन्सिल फिरवा आणि पात्याच्या जाडीएवढी, ८० मिमी लांब खाच पटाशीने काढा. पात्याला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, साधे ड्रिल बिट त्यात जात नाही. पात्याचा मुठीतला भाग १२० नंबरच्या कागदाने खरखरीत करा, थिनरने पुसा, धारेवर टेप लावा आणि सावकाश सुकणारे अरल्डाईट भरून २४ तास क्लॅम्प करा. सागवानात तेल असते, त्यालाही आधी थिनरचा हात द्या.

तपासणी: पाइनच्या तुकड्यावर तंतूंना आडवी रेघ मारा, तीन हलके हात. चिरेच्या दोन्ही कडा स्वच्छ हव्यात. लव उठली असेल तर धार कमी आहे. पहिला हात नेहमी जेमतेम दिसेल इतकाच. पहिल्याच हाताला जोर लावला की चाकू तंतूंच्या मागे जातो, मग दुसरा हातही त्याच चुकीच्या चिरेत शिरतो.

## टप्पा ३: गुण्या

ठोकळा १५० × ४५ × २० मिमी, पाते २२५ × ५० × ६ मिमी. पात्याची लांबी तंतूंच्या दिशेनेच.

१. ठोकळ्याची आतली कड, म्हणजे जी कामाला टेकणार ती, सरळपट्टीने तपासून सरळ करा. तिच्यावर खूण करा. यानंतर या कडेला रंधा लावायचा नाही. पुढे सगळ्या दुरुस्त्या पात्यावर होतील.

२. ठोकळ्याच्या टोकाला पात्यासाठी ६ मिमीची खाच आखायची आहे, आणि गेज अजून बनलेले नाही. अशी आखा: बरोबर ७ मिमी जाडीची चिपट्टी काचेवर ठेवा, तिच्यावर चाकूची सपाट पाठ खाली करून चाकू घट्ट धरा आणि ठोकळा काचेवर आडवा ठेवून त्याच्यासमोरून सरकवा. पाठ सपाट असल्यामुळे धार नेमकी ७ मिमी उंचीवर असते. ठोकळा उलटा करून तेच पुन्हा करा. मध्ये राहिलेली जागा आपोआप ठोकळ्याच्या बरोबर मधोमध येते, मोजपट्टी लागतच नाही.

३. खाचेची खोली ४८ मिमी. करवत रेघेच्या आतून, म्हणजे काढून टाकायच्या बाजूने चालवा. तळ पटाशीने दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत या. तळ मध्ये किंचित खोल चालेल, फुगीर नको, नाहीतर पाते त्यावर डुलते.

४. पाते खाचेच्या मापाला आणा, खाच पात्याच्या मापाला नाही. अंगठ्याच्या दाबाने आत गेले पाहिजे. हातोडा लागत असेल तर ठोकळ्याचे गाल (खाचेच्या दोन बाजूंच्या भिंती) फाकतात आणि वर्षभरात चीर पडते. पाते ५० आणि खाच ४८ असल्याने पात्याची बाहेरची कड टोकाबाहेर २ मिमी राहील. ही २ मिमी दुरुस्तीसाठी ठेवलेली आहे.

५. फेविकॉल खाचेच्या गालांना पातळ लावा, आतल्या कोपऱ्याजवळचे ५ मिमी सोडून. कोपऱ्यात साठलेला गोंदाचा खडा पुढे कामाची कड नीट टेकू देत नाही. क्लॅम्प पूर्ण आवळण्याआधी आतल्या कोपऱ्यापासून ठोकळ्यावर ७५ मिमी आणि पात्यावर १०० मिमी खूण करा. दोन खुणांतले अंतर १२५ मिमी आले की कोन जवळपास बरोबर. आवळा आणि २४ तास हात लावू नका.

काटकोनाची खरी परीक्षा

सरळपट्टीने तपासलेली कड असलेली प्लायची फळी घ्या, कड आपल्याकडे. गुण्याचा ठोकळा कडेला टेकवा, ठोकळ्याचे मोकळे टोक उजवीकडे. पात्याच्या बाहेरच्या कडेने चाकूची रेघ मारा आणि तिच्यावर ‘उ’ लिहा. आता गुण्या उलटा करा, मोकळे टोक डावीकडे. फळीच्या कडेवर त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा, तिच्यावर ‘डा’ लिहा.

दोन्ही रेघा एकच झाल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर वरच्या टोकाशी मोजा. १८० मिमीवर अर्धा मिमी फट म्हणजे खरी चूक पाव मिमी.

आता चूक कुठे आहे ते ओळखा, कारण इथेच लोक उलट बाजू रंधून चूक दुप्पट करतात:

- ‘उ’ रेघ वर डावीकडे गेली असेल तर कोन काटकोनापेक्षा मोठा आहे. पात्याच्या बाहेरच्या कडेचा टोकाकडचा भाग उतरवा.
- ‘उ’ रेघ वर उजवीकडे झुकली असेल तर कोन लहान आहे. त्याच कडेचा ठोकळ्याजवळचा भाग उतरवा.

रेघांवर अक्षरे लिहिली नाहीत तर दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात.

रंध्याचे दोन पातळ हात, मग पुन्हा परीक्षा, आणि दर वेळी फळीवर नवी जागा. चूक ०.१ मिमीच्या आसपास आली की रंधा बाजूला ठेवा आणि काचेवर चिकटवलेल्या २२० नंबरच्या कागदावर घ्या. पात्याची आतली कड अजून कशालाही समांतर नाही, तिच्यावरून आखू नका.

## टप्पा ४: पाचरीचे मार्किंग गेज

दांडा २२० × १८ × १८ मिमी. ठोकळा ७५ × ५५ × २५ मिमी. पाचर ८५ मिमी लांब, ८ मिमी जाड, एका टोकाला १६ आणि दुसऱ्याला ८ मिमी रुंद.

ठोकळ्याचे तंतू ७५ मिमीच्या दिशेने उभे हवेत. पाचर ५५ मिमीच्या दिशेने आत जाते आणि ठोकळ्याला वर-खाली ताणते. तंतू त्याच ताणाच्या दिशेने असले तर ठोकळा धरतो. आडवे असले तर पाचरीच्या खाचेच्या रेषेत ठोकळा चिरतो, तोही बहुधा सगळे पूर्ण होऊन पॉलिश झाल्यावर.

१. ठोकळा लगेच मापाला कापू नका. १५० मिमी लांब तुकड्यावरच काम करा, व्हाइसमध्ये धरायला जागा राहते.

२. दांड्याचे भोक दोन्ही तोंडांवर गुण्या आणि चाकूने आखा. खालून २४ मिमी सोडा, मग १८ मिमीचे भोक. हे २४ मिमी कामाच्या कडेला टेकतात, तिथे कंजूसपणा केला की गेज डुलते. १२ मिमी बिटने दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे ड्रिल करा, बाकीचे पटाशीने, पुन्हा दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत. एकाच बाजूने आरपार गेलात तर दुसऱ्या तोंडावर टवका उडतो.

३. भोक आधी, दांडा नंतर. दांडा १८.५ मिमी ठेवा आणि भोकात बसेपर्यंत रंधा. अंगठ्याने ढकलल्यावर सरकला पाहिजे, ठोकळा उभा धरला तर आपल्या वजनाने पडता कामा नये. दांडा आधी पूर्ण केला तर भोक त्याच्या मापाला आणताना हमखास मोठे होते, आणि मोठे झालेले भोक लहान करता येत नाही.

४. पाचरीची खाच दांड्याच्या वरच्या बाजूला. २५ मिमीच्या कडेवर मधोमध, ८ मिमी रुंद. भोकाच्या वरच्या पातळीपासून मोजून एका कडेवर उंची १४, समोरच्या कडेवर ९ मिमी. उतार फक्त वरच्या भिंतीला. खालची भिंत सरळ असते आणि ती दांड्याच्या भोकात १.५ मिमी उतरलेली असते. ही १.५ मिमी राहिली नाही तर पाचर दांड्याला न टेकता ठोकळ्यातच अडकते. खाच काढताना भोकात टाकाऊ लाकडाचा १८ मिमी तुकडा भरून ठेवा, भोकाच्या भिंती तुटत नाहीत.

५. पाचर अरुंद टोक पुढे करून खाचेच्या १४ मिमीच्या बाजूने घाला. बसल्यावर रुंद टोक साधारण २० मिमी बाहेर, अरुंद टोक ८-१० मिमी बाहेर. सोडवायला त्याच अरुंद टोकावर टिचकी मारायची असते. पाचर पूर्ण लांबीभर टेकते का ते पाहायला तिच्यावर पेन्सिल फासा, घालून काढा. जिथे पेन्सिल पुसली गेली तेवढेच टेकते आहे.

६. आता ठोकळा मापाला कापा, दांडा घालून पाचर आवळा आणि मगच ठोकळ्याचे कामाला टेकणारे तोंड दांड्याशी गुण्यात आणा. नव्या गुण्याने दांड्याच्या दोन लगतच्या बाजूंनी तपासा, उंच भागावर पेन्सिल करा, दांडा काढा, तोंड काचेवरच्या १२० नंबरच्या कागदावर घासा, पुन्हा जोडून तपासा. तोंड आधीच सफाईदार करून ठेवले आणि भोक पाव अंश जरी कलले तर तोंडाची सफाई काहीच कामाची नाही.

७. सुई: मोडलेल्या २ मिमी ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग. दांड्याच्या टोकापासून १२ मिमीवर १.९ मिमीचे भोक पाडा आणि सुई खालच्या बाजूला, पाचरीच्या विरुद्ध, ठोकून बसवा. पाचर दांड्याला नेहमी भोकाच्या खालच्या भिंतीवर दाबते, त्यामुळे सुई दर वेळी त्याच पातळीला राहते. ती २.५ मिमीपेक्षा जास्त बाहेर नको.

सुई गोल टोकाची ठेवली तर तंतूंना आडवी ओरखडते. बारीक दगडावर घासून तिला इवल्याशा चाकूचा आकार द्या. उतार ठोकळ्याकडे, सपाट बाजू बाहेर. चालवताना लाकूड उताराला बाहेर ढकलते, त्यामुळे ठोकळा कामाच्या कडेला ओढून धरला जातो. उलट बसवली तर गेज हातातून पळू पाहते आणि आपण हाताचा दोष समजत राहतो.

तपासणी: १८ मिमी जाडीच्या पट्टीवर गेज अंदाजे मध्यावर लावून एका तोंडाकडून छोटी रेघ मारा, मग दुसऱ्या तोंडाकडून. दोन रेघांच्या बरोबर मध्ये गेज सरकवा, पुन्हा मारा. दोन-तीन प्रयत्नांत रेघा एक झाल्या पाहिजेत. पाचर आवळताना माप बदलत असेल तर पाचर वाकडी टेकते आहे, पेन्सिलची परीक्षा पुन्हा करा.

गेज तयार झाले की गुण्याच्या पात्याची आतली कड त्याने बाहेरच्या कडेला समांतर आखून घ्या आणि पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने रेघेपर्यंत उतरवा.

## पॉलिश

सगळ्या बाजूंना सारखे द्या, टोकांनाही. एकाच बाजूला दिले तर उघड्या बाजूने ओल शिरते आणि गुण्या वाकतो. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात पुरतात. दांड्याला मेण लावू नका, पाचर त्यावर धरत नाही.

सावध: जवस तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर मोकळ्या पसरून वाळवा, मगच टाका.

## चारही हत्यारांची एकत्र परीक्षा

४० × ४० मिमीची, चारही बाजूंनी गुण्यात रंधलेली काठी घ्या. एक तोंड आणि त्याला लागून असलेली एक कड यांवर खूण करा. गुण्या नेहमी या दोनच बाजूंना टेकवा आणि चाकूने चारही बाजूंवर फिरून एक रेघ मारा. शेवट सुरुवातीच्या चिरेला मिळाला पाहिजे.

रेघ केसाएवढी चुकली तर आधी काठी तपासा, बहुतेक वेळा तीच गुण्यात नसते. काठी ठीक असेल तर गुण्याची ‘उ-डा’ परीक्षा घ्या. दोन्ही ठीक असूनही चुकत असेल तर चाकूची पाठ पाहा. तिला नकळत उतार आला आहे का, ते काचेवर दोन हात घासले की चमकेच्या पट्ट्यावरून लगेच कळते. जूनमध्ये पाऊस लागल्यावर आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्या. लाकडी गुण्या या दोन वेळा थोडा हलतो, आणि काचेवरच्या दोन-चार हातांत परत येतो.